सरव्याची प्रार्थना

हे प्रभू, साखर कारखान्यांची धुराडी पेटली, घटप्रभेकाठच्या मळ्यांत तोड लागली, आणि नेसरीच्या आसपास माळावर पुन्हा कोप्या उभ्या राहिल्या. बीडकडची माणसं आली आहेत. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, हे तुला ठाऊक आहे. तू प्रत्येकाला नावानं हाक मारणारा. आमच्या हिशेबात दोन जिवांचं मिळून एक हत्यार होतं.

नाताळ तोंडावर आलाय. आम्ही ब्लँकेटं वाटू, फराळाच्या पिशव्या देऊ, फोटोही काढू. ते सगळं गोड मानून घे, बापा. थंडी खरी आहे आणि फोटो काढल्यानं ब्लँकेटची ऊब कमी होत नाही. पण देणारा ओट्यावर उभा आणि घेणाऱ्यांची रांग खाली उन्हात, ही जी आमच्या दानाची रीत पडली आहे, ती मोड.

कारण तू दानाचं बोलण्याआधी शेत कसं कापायचं तेच सांगितलंस. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात तू म्हणालास, कडेचं पीक पार कापून नेऊ नका, खाली पडलेलं वेचू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं आहे. भात कापल्यावर, भुईमूग उपटल्यावर शेतात सरवा वेचणाऱ्या बाया आम्हीही पाहिल्या आहेत. सरवा मागावा लागत नाही. वेचणारी आपल्या हातानं वेचते, आपल्या ओच्यात भरते. ती वाकते जमिनीपुढे, मालकापुढे नाही. बेथलेहेमच्या शिवारात रूथ अशीच वेचत होती. मवाबातली, परमुलखातली, विधवा. बवाजानं तिच्या हातावर नुसतं धान्य ठेवून तिची बोळवण केली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्यानं गड्यांना सांगितलं, पेंढ्यांतलं थोडं मुद्दाम गळू द्या आणि तिला रागावू नका. ते मुद्दाम गळू देणं आम्हाला शिकव. त्या बाईच्याच वंशात तुझा पुत्र जन्मला, हे मत्तयानं वंशावळीत नाव घेऊन लिहून ठेवलंय. रूथ उपाशी परतली असती तर आमचा नाताळ कुठला?

आणि त्याच अध्यायात, चार वचनं पुढे, तू मजुरीचं बोलतोस: मजुराचा पैसा सकाळपर्यंत ठेवून घेऊ नका. हे पान आमच्याकडून पटकन उलटलं जातं. सरव्यावर उपदेश करायला बरं वाटतं. उचल, मुकादम आणि खाडा या शब्दांवर वेदीवरून फारसं कुणी बोलत नाही. प्रभू, ज्याचं आहे ते त्याला वेळेवर दिल्याशिवाय आमचं दान तुझ्यापर्यंत पोचू देऊ नकोस. २०१९ साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांवर बायांत १३ हजारांवर बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दुखण्यानं खाडा पडला तर दंड, म्हणून कितीजणींनी शरीराचाच तुकडा काढून टाकला! बारा वर्षं रक्तस्रावानं पिचलेल्या एका बाईनं तुझ्या पुत्राच्या वस्त्राला हात लावला, तेव्हा तो याईराच्या घरी निघालेला असूनही, एवढ्या गर्दीत, तिच्यासाठी थांबला. आमच्या फडावर असं थांबणारं कोण आहे?

तक्रारी आमच्याही आहेत, त्या तुझ्यापासून काय लपवायच्या. टोळी खुशाली मागते, तोडीची पाळी लावायला पैसे मोजावे लागतात, ऊस वाळतो तो वेगळाच. यातलं बरंचसं खरंही आहे. पण त्या रागाचा हिशेब वाढ्यांच्या मोळीवर, कोपीतल्या लेकरांवर काढायचं आमच्या मनात येतं, तेव्हा आमचा हात धर.

आमच्या नेसरीचं नाव खिंडीमुळे साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर आणि सहा स्वार इथं जीव देऊन गेले. आमच्याकडून तू जीव मागत नाहीस. बोअरचा नळ कोपीवाल्यांना चालू ठेव म्हणतोस, आणि आम्ही विजेचं बिल काढून दाखवतो. पेलाभर गार पाण्याचंही फळ बुडणार नाही, हा तुझ्या पुत्राचा शब्द आम्हाला पाठ आहे, देवा. तो हातापर्यंत उतरव.

पंडिता रमाबाईंसाठी तुझे आभार मानतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, शेकडो मुली आणि विधवा घेऊन परतल्या, आणि केडगावचं मुक्ती सदन त्या मुलीबायकांनी भरून गेलं. तिथं या पोरींना नुसती भाकरी मिळाली नाही. शिवण, विणकाम, शेती, छापखाना, सगळं त्यांच्या हाती आलं. रमाबाईंनी मूळ भाषांवरून मराठीत आणलेलं बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं. ज्यांना अन्न दिलं, त्यांच्याच हातांनी देणाऱ्यांना शास्त्र मिळालं. कोपीतल्या पोरींकडे पाहताना ही गोष्ट आम्हाला आठवू दे. त्यांची शाळा दर दिवाळीला सुटते ती सुटतेच. आमच्या शाळेच्या बाकावर त्यांना चार महिने जागा मिळावी म्हणून मुख्याध्यापकांकडे जायची बुद्धी आम्हाला दे, आणि गेल्यावर टाळाटाळ झाली तर परत जायचा चिवटपणाही दे.

आमच्यातही गरीब आहेत. मंडळीत मागच्या बाकावर बसणारे, थैली पुढे आली की खाली बघणारे. त्यांच्यापुढून ती थैली हळूच पुढे सरकवायची नजर दे. आणि जी म्हातारी तिच्यात दहाची नोट टाकतेच, तिला कुणी नको म्हणू नये. तिचाही देण्याचा हक्क राखून ठेव.

गुढीपाडव्याच्या सुमारास गाड्या बीडच्या वाटेला लागतील. तोवर कुणाला पान लागू नये, कुणी गाडीखाली सापडू नये, कोपीत बाळंत झालेलीला गरम पाणी मिळावं. आमच्या शिवारात तोडलेल्या उसाच्या मोळीमोळीचे पैसे त्यांच्या नावावर जमा व्हावेत, आणि मुकादमाच्या वहीत आमच्यामुळे कुणाचं बुडालेलं राहू नये. येशूच्या नावानं मागतो. आमेन.