आवाज मागताना

मराठी मासिकांच्या आतल्या पानावर पूर्वी एक चौकट हमखास असायची. मजकूर कागदाच्या एकाच बाजूला, सुवाच्य अक्षरात लिहावा. नापसंत साहित्य परत हवं असल्यास पुरेसं तिकीट लावलेला लिफाफा जोडावा. निवडीबाबत पत्रव्यवहार केला जाणार नाही. म्हणायला हे आवाहन, पण सूर सगळा अटींचा. तरीही टपालाने गठ्ठेच्या गठ्ठे येत, कारण आपलं नाव छापून यावं ही ओढ लिहिणाऱ्याला मुळातच असते. त्याला फक्त पत्ता हवा असतो.

श्राव्य अंकाचं तसं नाही. आम्ही काही जण मिळून दर महिन्याला असा एक लहानसा अंक काढतो. अर्ध्या-पाऊण तासाचा, फोनवर ऐकायचा, विनामूल्य. ऐकणाऱ्यांत बरेच जण वयाने मोठे आहेत, काहींना दिसत नाही, काही नुसतेच स्वयंपाक करता करता ऐकतात. अंक काढणं जड जात नाही. जड जातं ते मागणं. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप आहे त्यांना आपला आवाज चारचौघांनी ऐकावा असं वाटतच नाही, आणि ज्यांना तसं वाटतं त्यांच्याकडे आधीच एखादं व्यासपीठ असतं.

'आपलं ध्वनिमुद्रण जरूर पाठवा' असं सगळ्यांना उद्देशून म्हटलं की काय येतं? सुविचार येतात. मागे बासरी लावलेल्या, दुसऱ्याच कुणाच्या कविता येतात. निवेदनाचा सराव असलेल्या मंडळींचे घोटीव आवाज येतात, आणि ते चांगलेही असतात. पण कोपऱ्यावर तीस-पस्तीस वर्षं चपला शिवणारे काका, वाड्यातल्या सगळ्या बाळंतपणांना धावून गेलेल्या मावशी, एस.टी.तून निवृत्त झालेले वाहक, यांच्याकडून काही येत नाही. गावजेवणाची दवंडी ऐकून सगळेच जात नाहीत. घरी येऊन कुणी अक्षत दिली तर मात्र न जाणं अवघड होतं.

'माझा आवाज काय ऐकायचा?' हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा विचार करणं भाग पडलं. त्यात थोडं शरीरशास्त्र आहे. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून तर ऐकू येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही कानाच्या आतल्या भागापर्यंत पोचतो. हाडांतून येणारा भाग खर्जातला असतो, म्हणून स्वतःचा आवाज आपल्याला भरदार वाटतो. ध्वनिमुद्रणात हा हाडांचा वाटा नसतो. जे उरतं ते पातळ, परकं वाटतं. पण बाकी जग आपल्याला जन्मभर तसंच ऐकत आलेलं असतं! एवढं समजावलं की काही जण हसतात आणि तयार होतात.

दुसरं कारण मात्र शरीराचं नाही, सवयीचं आहे. मराठी माणसाचा कान आकाशवाणीने घडवला. 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकेतल्या टेकाडे भावजींचे आणि मीनावहिनींचे आवाज घराघरात ओळखीचे होते. 'वनिता मंडळ', 'कामगार सभा' या कार्यक्रमांच्या वेळांवर दिवस बेतले जात. या आवाजांचं ऋण आहेच. पण त्यांनी नकळत एक मापही ठरवून दिलं. रेडिओवर बोलायचं ते स्वरचाचणीत उतरलेल्या आवाजात, प्रमाण भाषेत, शुद्ध उच्चारांत, न अडखळता. हे माप इतकं खोल रुजलं आहे की ओट्यावर झणझणीत वऱ्हाडी बोलणारी बाई फोनवरचं लाल टिंब दिसताच पुस्तकातल्यासारखी बोलू लागते. ती खोटं बोलत नसते, पण तेव्हा ती स्वतःही नसते.

आमच्या ओळखीचे एक वाहक होते. चहाच्या टपरीवर ऐकावेत असे किस्से. फोन समोर ठेवला आणि ते ताठ झाले. 'आज मी आपणासमोर माझ्या सेवाकाळातील काही आठवणी सादर करीत आहे', असं सुरू झालं. वक्तृत्वस्पर्धेतलं मराठी. दोन मिनिटांत ते स्वतःच कंटाळले. मग आमच्यातल्या एकीने विचारलं, 'मुक्कामी गाडी रात्री गावात पोचली की तुम्हाला जेवण कुठे मिळायचं?' झालं! कोणत्या गावात पाटलांच्या घरून भाकरी यायची, कुठे ड्रायव्हरने गाडीतच स्टोव्ह पेटवला, पावसाळ्यात टपावर झोपता येत नसे तेव्हा शाळेचा व्हरांडा कसा गाठला, पहाटे पहिली घंटी द्यायच्या आधी वेबिल कंदिलाच्या उजेडात कसं लिहिलं. आवाज तोच होता. 'आठवणी सांगा' म्हटल्यावर त्यांना भाषण सुचलं होतं. जेवणाचं विचारल्यावर जेवण आठवलं.

या कामात मला पटलेली गोष्ट एवढीच आहे. सर्वांना केलेलं आवाहन कुणालाच लागू पडत नाही. एका माणसाला, त्याच्या नावाने, एकच गोष्ट विचारावी लागते. आणि विचारणारं माणूस शक्यतो त्याच्यातलंच असावं.

हे आम्ही शोधून काढलेलं नाही. महाराष्ट्रात ते मोठ्या प्रमाणावर करून झालं आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या समाजसंशोधकांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं काम हाती घेतलं तेव्हा पुण्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ गावांतल्या, गरीब डोंगरी संघटनेत काम करणाऱ्या बायाच ते पुढे नेत होत्या. बाहेरचा साहेब येऊन 'ओव्या म्हणा' म्हणाला असता तर दोन-चार देवाच्या ओव्या मिळाल्या असत्या. शेजारच्या गावची बाई जवळ बसली, स्वतःची एक ओवी म्हणाली, की दुसरीला तिची आठवायची. अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पुढे त्यातल्या अनेकींचं ध्वनिमुद्रणही झालं आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळाने त्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली. दळण गिरणीवर गेल्यावर ज्या ओव्या म्हणायचं कारणच उरलं नव्हतं, त्या कुणीतरी मागितल्या म्हणून आज ऐकायला मिळतात.

बहिणाबाई चौधरींचंही तसंच. अक्षरओळख नसलेल्या या बाईची गाणी तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या नात्यातल्या एका भावाने वेळोवेळी टिपून ठेवली नसती, तर १९५२ साली पुस्तक निघालंच नसतं. पण वहीत शब्द उतरतात. त्या कुठे श्वास घेत होत्या, कोणत्या शब्दावर हसत होत्या, हे वही सांगत नाही. आज प्रत्येकाच्या खिशात ते टिपणारं यंत्र आहे आणि त्यात साठलेत वाढदिवसांचे केक.

छोट्या माणसांनी आपला आवाज आपण काढण्याच्या खटपटी आजूबाजूला कमी नाहीत. माण तालुक्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ पासून चालू आहे. त्याच वर्षी तेलंगणातल्या माचनूरला 'संघम रेडिओ' सुरू झाला. तिथे ध्वनिमुद्रक हातात घेऊन शेतात जाणाऱ्या बाया दलित शेतकरी कुटुंबांतल्या आहेत. बियाण्यांविषयी कुणाला काय विचारायचं हे त्यांना शिकवावं लागलं नाही. छत्तीसगडमध्ये २०१० साली आलेल्या 'सीजीनेट स्वर'ने तर रेडिओचं केंद्रही लागू दिलं नाही. साध्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा, पलीकडून फोन येतो, आपलं म्हणणं गोंडीत नाहीतर हिंदीत नोंदवायचं, बाकीच्यांनी तसाच फोन करून ते ऐकायचं. रस्ता नाही, मजुरी अडली आहे, शिक्षक येत नाहीत, असली गाऱ्हाणी त्यावर आली, गाणीही आली. इथे मागण्याची पद्धत निराळी दिसते, पण आतून तीच आहे. गावात कुणीतरी पुढाकार घेऊन शेजाऱ्याला 'तू बोल' म्हणावंच लागतं.

साधनांविषयी फार बोलावंसं वाटत नाही. पंखा बंद, कुकरची शिट्टी होऊन गेलेली, फोन तोंडापासून वीतभर, आणि बोलायला लागण्याआधी पाच-दहा सेकंद गप्प. पुस्तकं रचलेली खोली असेल तर उत्तम, नसेल तर कपड्यांचं उघडं कपाट पाठीशी घ्यावं. तीन मिनिटांत साधारण साडेतीनशे-चारशे शब्द मावतात आणि ऐकणाऱ्याचं लक्ष तेवढाच वेळ घट्ट असतं. लिहून काढून वाचू नये, एवढी मात्र कळकळीची विनंती.

एका बाबतीत आम्ही कडक आहोत. दुसऱ्याचं लेखन वाचून पाठवायला लोकांना फार आवडतं, त्यातही पु. ल. देशपांड्यांचं. त्यांच्यावरच्या प्रेमापोटीच हे होतं. पण आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. पु. ल. २००० साली गेले, म्हणजे २०६० संपेपर्यंत परवानगीवाचून त्यांचं लेखन अंकात वाचता येणार नाही. दृष्टिहीनांसाठी ना-नफा तत्त्वावर केलेल्या ध्वनिप्रतींना २०१२ च्या दुरुस्तीने सवलत दिली आहे, पण सर्वांना वाटल्या जाणाऱ्या अंकाला ती लागू नाही. ज्ञानोबा-तुकोबांना कुणाची परवानगी लागत नाही. आणि स्वतःच्या आजीच्या गोष्टीलाही लागत नाही, आजीची सोडून. तिची मात्र आधी घ्यावी. बोलून झाल्यावर तिला ते ऐकवावं, 'हे बाहेर जाऊ दे का' असं विचारावं, आणि ती नको म्हणाली तर विषय तिथेच संपवावा. घरातलं भांडण नातवाला सांगणं वेगळं, अनोळखी माणसांना सांगणं वेगळं, हे तिला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

नाकारण्याचा प्रश्न राहतोच. छापील मासिकाची 'साभार परत'ची चिठ्ठी लागायचीच, पण ती कागदाला लागायची. आवाज परत केला तर माणूस परत केल्यासारखं होतं. संपादक श्री. पु. भागवत 'सत्यकथा' मासिकासाठी आलेल्या कथांवर लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, हे मराठी वाचकाला माहीत आहे. त्यांचा दरारा सगळ्यांनाच रुचला नाही, लघुनियतकालिकवाल्या तरुणांनी तर 'सत्यकथे'ची जाहीर होळीच केली. पण कथा पूर्ण वाचून मग उत्तर द्यायचं, हा त्यांच्यातला भाग आम्हाला घ्यावासा वाटतो. आलेलं प्रत्येक ध्वनिमुद्रण आमच्यातलं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकतं आणि फोन करतं. 'पहिलं मिनिट सोडा, विहिरीपासून सांगा', असं काहीतरी नेमकं सांगतं. बहुतेक जण पुन्हा बोलून पाठवतात. दुसऱ्या वेळी आवाज सैल झालेला असतो.

अडखळणं, खोकणं, मध्येच 'अगं दार लाव' हे काढायचं की ठेवायचं यावर आमच्यात एकमत नाही. मी ठेवण्याच्या बाजूचा आहे. यंत्राने आवाज गुळगुळीत करून देणारी सोय आता हाताशी आहे, पण माणूस आठवेपर्यंत जो थांबतो, तो थांबण्याचा वेळ कापला की सांगणं संपतं आणि माहिती उरते. ऐकणाऱ्यांपैकी एका बाईंनी, ज्यांना दिसत नाही, सांगितलं होतं की मागे चिमण्या असल्या तर त्यांना सकाळ कळते.

मानधन आम्ही देत नाही, देऊ शकत नाही. त्याबदल्यात ऐकणाऱ्यांचे निरोप बोलणाऱ्यापर्यंत पोचवतो. त्या वाहकांना सांगितलं की दूरच्या एका गावात कुणीतरी त्यांचं ऐकून स्वतःच्या वडिलांच्या रातपाळ्यांविषयी बोलायला लागलं. ते म्हणाले, 'मग त्यांचं पण घ्या की.'

पुढच्या अंकासाठी आम्हाला हवं आहे ते असं. घरात नळ येण्याआधी पाणी कुठून यायचं आणि ते कोण आणायचं, एवढंच. हे वाचणाऱ्या तुम्हाला नव्हे, तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या त्या एका व्यक्तीला विचारायचं आहे जिने ते खरंच वाहिलं. तीन मिनिटं, तिच्या बोलीत. नाव सांगायचं नसेल तर गावाचं नाव पुरे. फोन तुम्ही धरा, प्रश्न एकदाच विचारा, आणि तिचं सांगून होईपर्यंत कृपा करून मध्ये बोलू नका.