दुसऱ्याच्या घरातलं

रात्री साडेदहाच्या सुमाराला वरच्या मजल्यावरून आवाज येतो. आधी चढलेला पुरुषी आवाज, मग काहीतरी आपटल्याचा, मग एकदम सगळं चिडीचूप. खालच्या घरातली माणसं एकमेकांकडे बघतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात. सकाळी जिन्यात ती भेटते. ऐन मे महिन्यात गळ्याभोवती ओढणी गच्च गुंडाळलेली. ‘बाथरूममध्ये पाय घसरला,’ ती सांगते आणि आपण लगेच मान डोलावतो. खोटं कळत असतं, पण ते खरं मानणं आपल्या सोयीचं असतं.

भांड्याला भांडं लागायचंच, नवरा-बायकोच्या मध्ये तिसऱ्यानं पडू नये, हे शहाणपण आपल्याला पिढ्यानपिढ्या पढवलेलं आहे. त्याची किंमत आकड्यांत दिसते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात साधारण चार विवाहित स्त्रियांमागे एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसलेली आहे. आणि देशभरात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम 14 टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितली. म्हणजे ती आपणहून येईल आणि सांगेल, याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

1982 साली पुण्यात स्त्रीचळवळीतल्या कार्यकर्त्या विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन भरवलं. सासरी होणाऱ्या छळाबद्दल त्यात उघडपणे बोललेलं होतं. पुढे त्यांच्याच नारी समता मंच या संस्थेने ‘बोलते व्हा’ हे केंद्रच सुरू केलं. ऐकायला कुणी आहे असं दिसलं की बायका बोलतात, हे तेव्हाच कळलं होतं. आपल्याला प्रदर्शन भरवायची गरज नाही, ऐकून घेणं पुरे. तेही ती एकटी असताना, घरच्यांसमोर नव्हे. ‘तू काय बोललीस त्याला?’ हा प्रश्न गिळायचा. ‘मुलांकडे बघ, सोस थोडं,’ हा सल्लाही गिळायचा. ‘यात तुझी चूक नाही, कधीही दार वाजव,’ एवढं म्हणायचं. आणि तिने सांगितलेलं तिला न विचारता कुणाला सांगायचं नाही.

2008 साली घरगुती हिंसेविरोधी ‘बेल बजाओ’ मोहिमेच्या जाहिराती टीव्हीवर लागायच्या. भांडणाचा आवाज ऐकून शेजारी बेल वाजवतो आणि काहीतरी फुटकळ मागतो. वाटीभर दूध, गेलेला चेंडू. उपदेश नाही की दमदाटी नाही, पण बाहेर ऐकू जातंय हे आत कळतं. उचललेला हात थांबायला कित्येकदा तेवढं पुरतं. प्रकरण जिवावर बेतणारं वाटलं तर मात्र एकट्याने शौर्य दाखवू नये, सरळ 112 ला फोन करावा.

अनेकांना कोर्टकचेरीची धास्ती असते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात त्याची सोय आहे. हिंसा होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटण्याजोगं कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. मारहाणीइतकंच टोचून बोलणं, पगार काढून घेणं, खर्चाला पैसे न देणं हेही याच कायद्याने हिंसेत धरलं आहे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असलं, तरी त्यात राहण्याचा तिला हक्क आहे. ‘निघ माझ्या घरातून’ या धमकीवर हे माहीत असणं हाच मोठा उतारा आहे.

हे सगळं सांगायला व्यासपीठ लागत नाही. भिशी आहे, बचत गट आहे, संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. तिथे 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर बोलता बोलता सांगता येतो. तीनच आकडे, तोंडपाठ होतात. कागदावर लिहून नेला तर घरी सापडायची भीती, डोक्यात राहिला तर कुणाला दिसत नाही. पुरुषांनीही आपला वाटा उचलावा. कट्ट्यावर ‘बायकोला धाकात ठेवावं लागतं’ असं कुणी म्हटलं, तर त्यावर न हसणं आणि तिथंच हटकणं, ही त्यांची कामगिरी.

घरातली हिंसा बंद दाराआड होते, पण ती टिकते बाहेरच्यांच्या गप्प बसण्यावर. आज 181 हा नंबर ओळखीच्या एका तरी बाईला सांगा.