निवडायचं ताट

डोळे तपासताना आईने तक्त्यावरच्या बारीक ओळीही वाचून दाखवल्या. केसपेपरवर ६/९ लिहिलं गेलं. म्हणजे निरोगी डोळ्याला ९ मीटरवरून जे दिसतं, ते तिला ६ मीटरवरून दिसतं. पंच्याहत्तरीच्या बाईला उत्तमच. तीच आई घरी आल्यावर दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेते आणि वाटीत आमटी वाढताना डावभर खाली सांडते. तिला काचबिंदू आहे. त्यात कडेची नजर आधी जाते, मधली बरीच उशिरापर्यंत टिकते. हा तक्ता १८६२ साली नेदरलँड्समधल्या हेर्मान स्नेलेन यांनी तयार केला, आणि त्याची थोरवी मला मान्य आहे. पण तो तपासतो ती समोरची, पांढऱ्यावरची काळीभोर अक्षरं. घरातली पायरी फरशीच्याच रंगाची असते.

दृष्टी अधू झाल्यावर माणसाच्या जगण्याचं काय झालं, हे विचारणाऱ्या प्रश्नावल्या त्यामुळेच आल्या. अमेरिकेतल्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेची २५ प्रश्नांची प्रश्नावली २००१ सालची. ती जगभर वापरली जाते. त्यात दिवसा गाडी चालवता येते का, रात्री येते का, असे प्रश्न आहेत. आई जन्मात स्टिअरिंगला बसलेली नाही. आपल्याकडच्या संशोधकांना ही अडचण दिसली होती. मदुराईत मोतीबिंदूच्या रुग्णांसाठी बेतलेल्या प्रश्नावलीवरचं काम १९९७ साली प्रसिद्ध झालं आणि २००५ साली भारतीय रुग्णांशी बोलून केलेली ३३ प्रश्नांची प्रश्नावली आली. रस्त्यातले खड्डे कळतात का, अन्नात काही पडलं तर दिसतं का, आपण घरच्यांना ओझं झालो असं वाटतं का, असं ती विचारते. प्रश्न कुणाच्या घरातून उचललाय यावर उत्तराची किंमत ठरते, हे मला या शेवटच्या प्रश्नापाशी पटलं.

तरीही एक जागा निसटते, आणि ती माझ्या घरातली आहे. त्या अमेरिकन प्रश्नावलीत एखाद्या कामापुढे एक पर्याय असतो: 'इतर कारणांमुळे सोडलं किंवा त्यात रस नाही.' त्यावर खूण केली की ते उत्तर गुणांत धरलंच जात नाही. आई तांदूळ निवडायची. दुपारची कामं आटपली की ताट मांडीवर घ्यायची, दाणे बोटांनी पसरायची, खडा दिसला की चिमटीत धरून बाजूला. दोन वर्षांपूर्वी भातात लागोपाठ खडे लागले. मी म्हटलं, "राहू दे गं, मी करते," आणि ताट उचललं. ती काही बोलली नाही. आज तिला कुणी विचारलं, तर ती सांगेल, "लेक करते आता, मला गरज पडत नाही." कागदावर तोटा शून्य. नजरेने नेलं त्याहून जास्त मी नेलं होतं, आणि त्याचा रकाना कुठेच नव्हता.

मोजणारा बदलला की आकडा किती हलतो, याचं मोठं उदाहरणही आहे. जगभरातल्या आजारांचा भार मोजणाऱ्या अभ्यासात प्रत्येक व्याधीला ० ते १ असं वजन देतात. ० म्हणजे पूर्ण आरोग्य, १ म्हणजे मृत्यूइतकं नुकसान. सुरुवातीला तज्ज्ञांच्या मतांवरून अंधत्वाला सुमारे ०.६ वजन मिळालं. २०१० च्या अभ्यासात बांगलादेश, इंडोनेशिया, पेरू, टांझानिया आणि अमेरिकेतल्या सामान्य लोकांना दोन व्यक्तींची वर्णनं देऊन 'यातलं जास्त निरोगी कोण' असं विचारलं, आणि अंधत्व ०.१९५ वर आलं. अंधाचं जगणं तेच होतं. वजनाची व्याख्या आता फक्त आरोग्याच्या हानीपुरती उरली होती. माणसाचं समाजातलं स्थान, रोजगार, लाज हे बाहेर राहिलं. सरकारी पैसा कुठे जावा हे ठरवताना असे आकडे पुढे ठेवले जातात, म्हणून मला ही घसरण घातक वाटते.

आता आईला मी दिसण्याबद्दल कमी विचारते. काय करायचंय, ते विचारते. ती म्हणाली, "ताट दे." स्टीलच्या चकचकीत ताटावर तांदूळ तिला लुकलुकतात, म्हणून काळा ट्रे आणला आणि खुर्ची खिडकीकडे फिरवली. पूर्वी पाव तासात होणाऱ्या कामाला आता तास लागतो. परवा माझ्या दाताखाली खडा आला. क्षणभर गिळून टाकावासा वाटला, पण मी तिला सांगितलं. तिने हात पुढे करून तो मागितला, बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाली, "उद्या ऊन असताना बसते."