प्रशिक्षकाचं माप

मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचा प्रशिक्षक यशस्वी झाला की नाही, हे चषक मोजून ठरत नाही, असं माझं ठाम मत आहे. या क्लबची गेली काही वर्षंच त्याची साक्ष देतात.

डेस बकिंगहॅमच्या संघानं २०२२-२३ मध्ये सलग १८ सामने हार न पत्करता ४६ गुणांसह गुणतक्त्यात अव्वल येऊन लीग शिल्ड जिंकली. पण उपांत्य फेरीत बंगळुरूनं पेनल्टी शूटआऊटमध्ये ९-८ असं हरवलं आणि चषक हुकला. पुढच्या हंगामाच्या मध्यातच तो ऑक्सफर्ड युनायटेडकडे निघून गेला. डिसेंबर २०२३ मध्ये पेत्र क्रात्की आला, आणि त्याच्या बाबतीत नेमकं उलटं घडलं. १५ एप्रिल २०२४ ला कोलकात्यात नुसती बरोबरी पुरली असती; मोहन बागाननं २-१ असं हरवून शिल्ड नेली. तीन आठवडेही झाले नव्हते, ४ मे रोजी त्याच मैदानावर त्याच संघाला ३-१ नं नमवून मुंबईनं चषक उचलला.

मग दोघांत सरस कोण? शिल्ड कित्येक महिन्यांच्या मेहनतीचं माप घेते, चषक दोन-चार रात्रींचं. त्याच एप्रिलमध्ये गोव्यातल्या उपांत्य सामन्यात नव्वदाव्या मिनिटापर्यंत मुंबई ०-२ अशी मागे होती. मग मुंबईकडून छांगटे, विक्रम प्रताप आणि पुन्हा छांगटेचा गोल! रोह्याकडच्या आमच्या निडीहून मुंबईचा अंधेरीतला सामना बघायला गेलं तर रात्री परतीची गाडी मिळणं मुश्कील, त्यामुळे आमचं फुटबॉल बहुतेक मोबाइलवरच. त्या रात्री मी इतका ओरडलो की शेजारी विचारायला आले. तो आनंद मी कधीच विसरणार नाही. पण त्यातला एक गोल खांबाला लागून परत आला असता, तर क्रात्की वाईट प्रशिक्षक ठरला असता का?

पुढच्या हंगामात तर कसोटीच होती. मधल्या फळीतला अपुइया मोहन बागानकडे गेला. राहुल भेके, नोगुएरा आणि परेरा दियाझ बंगळुरूला गेले. उरलेल्या संघाला घेऊन क्रात्कीनं सहावा क्रमांक गाठला आणि २९ मार्च २०२५ ला त्याच बंगळुरूकडून बाद फेरीत ०-५ असा मार खाल्ला. पाच गोल खाणं लाजिरवाणंच, त्याचं समर्थन मी करणार नाही. तरीही त्या रात्रीवरून त्याचं भवितव्य ठरवावं, हे मला पटत नाही. हातात काय दिलं होतं आणि त्याचं त्यानं काय केलं, या दोहोंतलं अंतर पाहायला हवं. मधली फळी रिकामी करणारा निर्णय एकट्या प्रशिक्षकाचा नसतो. बोट मात्र त्याच्याकडेच दाखवलं जातं.

एका मोठ्या पराभवावरून प्रशिक्षक मोजू नये, याचा जुना दाखलाही आहे. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं भारताला १०-१ असं हरवलं. आपले बरेच खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले होते. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांना तेव्हा घरी पाठवलं असतं, तर कुणाला नवल वाटलं नसतं. ते राहिले. बूट आले, खेळण्याची पद्धत बदलली. १९५६ ला मेलबर्नमध्ये नेव्हिल डिसोझानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली आणि भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला. १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ नं हरवून आशियाई सुवर्णपदक मिळालं. त्या १०-१ नंतरची ही दहा वर्षं कुठल्या गुणतक्त्यात बसवायची?

आमच्या रोहा-पेण भागात मातीवरच्या कबड्डीत ही समज मुरलेली आहे. गावातल्या संघाच्या शिक्षकाचं नाव निघतं ते त्यानं कोणती पोरं घडवली यावरून. ढाली किती आणल्या, हे नंतर. छांगटे जानेवारी २०२२ मध्ये चेन्नईहून आला तेव्हा त्याच्या खेळात सातत्य नव्हतं. बकिंगहॅमच्या हाताखाली तो २०२२-२३ चा देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. माझ्या लेखी हे शिल्डपेक्षा मोठं काम आहे, कारण शिल्ड पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जाते आणि घडलेला खेळाडू भारताच्या संघात खेळत राहतो.

डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपनं क्लबमधला आपला वाटा सोडला. आता पैसा कमी पडेल, मोठी नावं येणार नाहीत, अशी धास्ती समर्थकांना वाटणं साहजिक आहे. मला मात्र मालकांकडून एकच गोष्ट हवी आहे: जो कोणी प्रशिक्षक असेल त्याला किमान तीन हंगामांचा करार द्या, आणि दर हंगामाच्या शेवटी महाराष्ट्रातल्या किती पोरांना त्यानं मैदानावर उतरवलं, हे आम्हाला उघडपणे सांगा.