मूर्ती देव कधी होते, आणि कधी उरत नाही

शिकागोच्या उत्तर भागातल्या डेव्हन ॲव्हेन्यूवर माणसांचा धर्म दुकानांच्या पाट्यांवरच वाचता येतो. कुठे हलाल मटण, कुठे कोशर, मधेच शुद्ध शाकाहारी भोजनालय. रस्त्याच्या एका तुकड्याला गांधी मार्ग असं मानाचं नाव आहे, दुसऱ्याला जिनांचं, आणखी एकाला गोल्डा मेयर यांचं. पटेल बंधूंनी १९७४ साली आपलं पहिलं किराणा दुकान थाटलं ते याच रस्त्यावर.

श्रावण सरत आला की इथे येणाऱ्या मराठी घरांपुढे एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. समुद्रापार आलेली मूर्ती आणि फ्रीजरमधून काढलेले उकडीचे मोदक गणपतीला चालतात का?

मोदकांचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. नैवेद्याची मुख्य अट एवढीच, की देवाआधी तो कुणी चाखलेला नसावा. गोठवलेला मोदक या कसोटीला सहज उतरतो. घरी सारणाचा गूळ बोटाने चाटून बघणाऱ्यांपेक्षा कांकणभर सरसच. पाकळ्या कमी पडल्या तर तो हाताचा दोष, भक्तीचा नव्हे.

मूर्तीचं तसं नाही. शास्त्राने इथे बारीक विचार केला आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत: दगड, लाकूड, धातू, लेप, चित्र, वाळू, रत्न आणि मनात कल्पिलेली मूर्तीसुद्धा. याच स्कंधावर एकनाथांनी मराठीत टीका लिहिली आणि १५७३ साली काशीत ती पुरी केली. देव मनातही घडवता येत असेल, तर तो पेणला घडला की परदेशातल्या साच्यात, हा वाद फारसा टिकत नाही. शिवाय पेणच्या कारखान्यांतला शाडूही बहुतेक गुजरातहून आलेला असतो.

म्हणजे प्राणप्रतिष्ठेआधी मूर्ती ही विकाऊ वस्तू, नंतर देव, आणि उत्तरपूजेच्या अक्षता पडून मूर्ती जागची हलवली की पुन्हा माती. इतकी स्वच्छ मांडणी असताना माती हवी, प्लॅस्टर नको, हा आग्रह कशासाठी? केवळ पर्यावरणासाठी, असं हल्ली म्हटलं जातं. पण ते अर्धंच उत्तर वाटतं. प्लॅस्टरच्या मूर्तीत देव यायला अडचण नसावी. अडचण तो गेल्यावर सुरू होते.

देवाचं म्हणून ठरलेलं पुढे कुठे जातं, यासाठी मंगोलियाकडे पाहावंसं वाटतं. तिथे घरातली बाई सकाळी दुधाच्या चहाचा पहिला भाग आकाशाकडे उडवते. त्यासाठी ‘त्सात्सल’ नावाचा नऊ खळग्यांचा कोरीव लाकडी चमचा असतो. जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालणाऱ्या मराठी माणसाला हे परकं वाटू नये. फरक आहे तो पुढे. आपला नैवेद्य प्रसाद होऊन ताटात परत येतो, तो चहा मात्र परत येत नाही.

त्याच देशात उलट टोकाचंही उदाहरण आहे. उलानबातरच्या गांदान मठात अवलोकितेश्वराची प्रचंड धातुमूर्ती होती. १९३०च्या दशकात कम्युनिस्ट राजवटीने मठांवर वरवंटा फिरवला तेव्हा ती उतरवून नेण्यात आली. राजवट पालटल्यावर लोकांनी वर्गण्या काढल्या आणि १९९६ साली सुमारे २६ मीटर उंचीची नवी मूर्ती उभी राहिली. तिच्या पोटात औषधी वनस्पती, ग्रंथ आणि मंत्रांच्या गुंडाळ्या भरल्या आहेत. टिकण्यासाठी घडवलेली पहिली मूर्ती सक्तीने गेली. पार्थिव गणपती मात्र जाण्यासाठीच घडवलेला असतो, आणि त्याला यजमान स्वतः निरोप देतो.

मातीची अट आहे ती या निरोपासाठी. शिकागोला पिण्याचं पाणी मिशिगन सरोवरातून मिळतं, त्यामुळे तिथे मूर्ती सोडणं हा नुसता भावनेचा मामला राहत नाही. अनेक घरं मग अंगणातल्या बादलीत विसर्जन करतात. शाडू काही तासांत विरघळतो. प्लॅस्टरचा गणपती दुसऱ्या दिवशीही तसाच बसलेला असतो, सोंडेवरचा रंगही न उडता. काही जण मग सुपारी विसर्जित करून मूर्ती पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवतात. धातूच्या मूर्तीबाबत ही सोय रूढच आहे. पण प्लॅस्टरची मूर्ती घेताना यजमानाने ती ठेवायची म्हणून घेतली होती, की सोडायची म्हणून?