फी आधी की फी नंतर?

बँकेत काउंटरवर बसणाऱ्या माणसाला पैशातले सगळे कळते, असा आमच्या वर्ध्यात एक समज आहे. वास्तविक आम्हांला येते ते दुसऱ्याचे पैसे मोजायला. तरी ओळखीची पोरे विचारतातच, "काका, शेअरबाजारात ट्रेडर व्हायचं तर आधी एमबीए करू, की सरळ उडी घेऊ?"

गावाचा दाखला पदवीच्या विरुद्ध जातो. येथले कॉमर्स कॉलेज १९४० साली निघाले. त्याला नाव गोविंदराम सेकसरियांचे. मुंबईच्या बाजारातले हे कापसाचे राजे. म्हणजे त्यांनी आधी व्यापार केला, मग त्यांच्या नावाचे कॉलेज निघाले. आम्ही आधी कॉमर्स केले, मग क्लार्क झालो!

पण म्हणून पदवी फुकट, असे मात्र नव्हे. मोठ्या कंपनीत दुसऱ्यांच्या पैशांचे सौदे करायचे, तर दारातच प्रमाणपत्र विचारतात, आणि विचारावेच. पुढची हमी मात्र ते प्रमाणपत्र देत नाही. अमेरिकेतल्या लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या कंपनीच्या दोन भागीदारांना १९९७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढच्याच वर्षी कंपनी बुडायला आली, आणि इतर बँकांना पैसे ओतून ती सावरावी लागली. आता याहून वरची डिग्री कुठून आणायची?

बरे, सरळ उडी घेणाऱ्यांचे काय? सेबीने २०२४ साली हिशेब मांडला : फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये तीन वर्षांत शंभरातल्या त्र्याण्णव सामान्य माणसांना तोटा झाला.

तेव्हा खरा प्रश्न पदवीचा नाहीच. कॉलेजची फी आधी छापलेली असते. बाजाराची फी नंतर कळते. आणि ती भरतो कोण? बहुधा बाप, आपल्या प्रॉव्हिडंट फंडातून. त्याने बिचाऱ्याने कुठे प्रवेश घेतलेला असतो?

माझे उत्तर एवढेच. दुसऱ्याचा पैसा हाताळायचा, तर शिकून घे. स्वतःचाच लावायचा, तर जेवढा बुडाल्यावर फक्त तुझीच झोप उडेल तेवढाच लाव.

हिंगणघाटच्या मार्केट यार्डात कापसाची गाडी घेऊन उभा असलेला शेतकरी बघा. जूनमध्ये पेरतो, भाव दिवाळीनंतर कळतो. तोटा आला तर तो दुसऱ्याच्या वहीत लिहायची सोय त्याला नाही. त्याला ट्रेडर कोणी म्हणत नाही, एवढेच.