गाणारा मधोमध उभा राहतो

बालगंधर्वांची ७८ आरपीएमची ध्वनिमुद्रणं मोनो आहेत. त्यांत डावं-उजवं असं काही नाही, दोन्ही स्पीकरांतून तोच आवाज येतो. तरीही स्पीकर नीट मांडले असतील, तर स्वर त्या दोघांच्या बरोबर मधून येतो, जिथे नुसती भिंत असते. मला या गोष्टीचं नवल अजून ओसरलेलं नाही. मांडणी साधली की नाही, याची याहून चांगली परीक्षाही नाही: डोळे मिटावेत आणि गाणारा कुठे उभा आहे ते बोटानं दाखवावं.

तो एका बाजूला कलला, तर दोष बहुधा अंतराचा. आवाज एका मिलिसेकंदात जेमतेम फूटभर जातो, आणि एवढ्याशा फरकावरूनही कान दिशा ठरवतो. जो स्पीकर फूटभर जवळ, गाणारा त्याच्याकडे गेलाच. कानाची ही जाण ओळखूनच ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज अभियंत्यानं १९३१ मध्ये स्टिरिओचं पेटंट मागितलं.

आपल्या घरांत मात्र स्पीकर फर्निचरच्या सोयीनं बसतात. एक कपाटावर, दुसरा खिडकीखाली. वाईट वाटतं, कारण यंत्रावर भरपूर खर्च होतो आणि फुकट मिळणारी गोष्ट राहून जाते. टेप घ्यावी. दोन स्पीकर आणि आपली खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करावा आणि ट्वीटर कानाच्या उंचीला आणावेत. कोपरा टाळावा, तिथे खर्ज फुगतो, डग्ग्यावरची मींड बुडते आणि नुसता घुमारा उरतो. भिंतीपासून स्पीकर वीतवीत पुढे ओढत ऐकावं, ती मींड कुठे मोकळी होते ते आपोआप कळतं.

खुर्चीही तितकीच महत्त्वाची. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकतो. मागच्या भिंतीला टेकून बसलं तर तो अंगावर येतो, बरोबर मध्यावर बसलं तर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून या दोन्ही जागा सोडून बसावं.

अशी नेमकी जागा खोलीत एकच निघते, आणि गाणं तर शेजारी बसून ऐकायची गोष्ट. दोघं ऐकणार असतील, तर स्पीकर आणखी आत वळवावेत, इतके की त्यांचे रोख आपल्या पुढ्यातच एकमेकांना छेदतील. मग बाजूला बसलेल्याला जवळचा स्पीकर तिरका आणि जरा मंद ऐकू येतो, लांबचा थेट येतो, आणि त्याच्यासाठीही गाणारा बराचसा मध्यावर राहतो.